नाव न सांगता उभारलेले बंड

मोहरमची कत्तलरात्र आपल्या भागातली कित्येक गावे जागून काढतात. मशिदीपुढच्या खड्ड्यात अलावा पेटलेला असतो, पंजे सजलेले असतात, करबल खेळणाऱ्या पोरांच्या पायांत घुंगरू असतात आणि हसन-हुसेनांची कन्नड रिवायत पदे पहाटेपर्यंत चालतात. घरोघरी चोंगे होतात. पुष्कळ ठिकाणी पंजा उचलण्याचा मान एखाद्या हिंदू घराण्याकडे असतो. मुसलमानाचे एकही घर नसलेल्या गावातसुद्धा पीर बसतात. त्यामुळे करबलाची कथा आपल्याकडे कुणाला नव्याने सांगावी लागत नाही. पाण्यावाचून कोंडलेला काफिला, मूठभर सोबती, इमाम हुसेनांचा वध. हे सारे आपण आजीच्या मांडीवर बसून ऐकलेले असते.

पण कथा तिथेच थांबते. करबलाचा दिवस होता १० ऑक्टोबर ६८०. ज्यांच्या राज्यात हे घडले त्या उमय्या घराण्याचे पुढे काय झाले? या वधाची भरपाई कुणी मागितली की नाही?

मागितली. त्याला सत्तर वर्षे लागली. आणि जे मागायला उठले त्यांच्या पदरात शेवटी काय पडले, तीच आजची गोष्ट आहे. वाचकहो, नावे जरा अवघड आहेत, पण माणसे ओळखीची वाटतील.

आधी थोडक्यात पार्श्वभूमी. मुहम्मद पैगंबरांचे निधन ६३२ मध्ये झाले. त्यांच्यानंतर अबू बक्र, उमर, उस्मान आणि अली असे चार खलिफा झाले. हजरत अली पैगंबरांचे चुलतभाऊ आणि जावई. ६६१ मध्ये कूफा शहरात त्यांचा खून झाला आणि सत्ता सीरियाचा सुभेदार मुआविया याच्या हाती गेली. त्याने राजधानी दमास्कसला नेली आणि गादी मुलाला दिली. खलिफापद आता घराण्याची मिळकत झाले. हेच उमय्या घराणे. राज्य मात्र त्यांनी जबरदस्त वाढवले. पश्चिमेला स्पेन, पूर्वेला सिंध.

त्या सिंधच्या फौजांची गाठ आपल्या दख्खनशीही पडली होती. बदामीच्या चालुक्यांची एक शाखा दक्षिण गुजरातेत राज्य करत होती. तिथल्या अवनिजनाश्रय पुलकेशीने नवसारीजवळ अरबांना परतवले. त्याच्या ७३९ च्या ताम्रपटात या फौजेला ‘ताजिक’ म्हटले आहे, आणि बदामीच्या विक्रमादित्याने खूश होऊन त्याला कोणत्या पदव्या दिल्या त्याची यादीही आहे. पट्टदकलची सुंदर देवळे उभी राहत होती तोच हा काळ. नवसारीला मागे हटलेली फौज ज्या खलिफाच्या नावाने लढत होती, त्याचे घराणे अकरा वर्षांत बुडणार होते. बुडवणारे उठले दमास्कसपासून फार दूर, खुरासानात.

मर्वचे दुभाषी अरब

खुरासान म्हणजे आजचा ईशान्य इराण, तुर्कमेनिस्तान आणि अफगाणिस्तानचा काही भाग. मुख्य ठाणे मर्व. आज ते तुर्कमेनिस्तानात मारी शहराजवळ आहे. ६७१ मध्ये बसरा आणि कूफा इथून सुमारे ५० हजार अरब सैनिक बायकामुलांसह तिथे वसवले गेले. सरहद्दीचे रक्षण हे त्यांचे काम. पण माणूस नुसत्या पगारावर राहत नाही, तो शेजाऱ्यांत राहतो. या अरबांनी जमिनी घेतल्या, इराणी घरांतल्या मुली केल्या, तिथल्यासारखे पायजमे घातले, नवरोज साजरा केला. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत घरातली बोली फारसी झाली. कुळी सांगताना अरब, भाकरी मागताना इराणी. घरात एक आणि बाजारात दुसरी भाषा बोलणाऱ्या आपल्या वाचकांना याचे नवल वाटणार नाही. दमास्कसला मात्र ते पटत नव्हते. सीरियातून येणाऱ्या अधिकाऱ्यांच्या लेखी हे अर्धवट अरब होते. शिवाय गावातच राहून शेतीला लागलेल्या अरबांना कराच्या बाबतीत स्थानिक इराणी जमीनदारांच्या हाताखाली राहावे लागे, हा सल वेगळाच.

त्यांच्यापेक्षाही दुखावलेला एक वर्ग होता, मवाली. मराठीत आणि हिंदीत हा शब्द आज शिवी झाला आहे; मुळात त्याचा अर्थ आश्रित, एखाद्या अरब टोळीशी जोडला गेलेला नवमुस्लिम. इराणी शेतकरी, कारागीर, व्यापारी मुसलमान झाला की त्याला कुठल्यातरी अरब टोळीचे नाव लावून घ्यावे लागे. लढाईत तो असे, पण पुष्कळदा पगारपत्रकात नसे.

त्यात करांचा घोळ. जिझिया म्हटले की आपल्याला औरंगजेब आठवतो. तो कर मुसलमान नसलेल्यांवर. पण खुरासानात आणि त्यापलीकडच्या समरकंद-बुखारा भागात मुसलमान झाल्यावरही तो सुटत नव्हता. कारण साधे होते. ठरावीक रक्कम गोळा करून द्यायची जबाबदारी स्थानिक जमीनदारांवर असे आणि लोक धर्म बदलून यादीतून निघून गेले तर ती रक्कम भरायची कुठून? खलिफा दुसरा उमर (७१७ ते ७२०) याने नवमुस्लिमांचा जिझिया बंद केला. तेव्हा खुरासानच्या सुभेदाराने कळवले, लोक कर चुकवण्यासाठी धर्म बदलतात, त्यांची सुंता झाली आहे का ते तपासावे. पैगंबरांना अल्लाने लोकांना बोलावायला धाडले होते, सुंता तपासायला नव्हे, अशा अर्थाचे उत्तर उमरने दिले. भला माणूस, पण त्याची कारकीर्द तीनच वर्षांची.

पुढे ७२८ मध्ये अशरस नावाच्या सुभेदाराने समरकंदच्या लोकांना वचन दिले, मुसलमान व्हा, जिझिया माफ. लोक एवढ्या संख्येने आले की तिजोरी आटली. जमीनदार ओरडले आणि वचन मोडून कर पुन्हा बसवण्यात आला. नव्यानेच कलमा पढलेले हे लोक चिडून तुर्कांना जाऊन मिळाले! ७३४ मध्ये हारिस इब्न सुरैज या अरब सरदाराने याच अन्यायावर बोट ठेवून काळे निशाण उभारले आणि बारा वर्षे सरकारला दमवले.

अखेर नस्र इब्न सय्यार हा ७३८ मध्ये नेमलेला सुभेदार हिशेबाला बसला. तेव्हा काय आढळले? ३० हजार मुसलमान जिझिया भरत होते आणि ८० हजार बिगर-मुसलमान तो चुकवून मोकळे होते. नस्रने ते दुरुस्त केले. माणूस अनुभवी, वयाने सत्तरीच्या पलीकडचा, भाग जाणणारा. माझ्या मते उमय्यांना शेवटच्या काळात लाभलेला हा सर्वांत कर्तबगार सुभेदार. पण गाडी घाटातून सुटल्यावर ब्रेक दाबून काय उपयोग?

मोकळी ठेवलेली जागा

दरम्यान एक गुप्त संघटना कामाला लागली होती. तिचे धागे तीन गावांत. हुमैमा हे आजच्या जॉर्डनच्या दक्षिणेतले आडवळणाचे खेडे. तिथे पैगंबरांचे चुलते अब्बास यांचे वंशज राहत. कूफा हे अलींच्या चाहत्यांचे शहर. तिथून निरोप हलत. आणि मर्व, जिथे माणसे जोडायची. हुमैमाचा निरोप कूफामार्गे मर्वला जाई. घेऊन जाणारे व्यापाऱ्याच्या वेशात असत. पकडले गेले तर हात-पाय तोडले जात, आणि अनेकांचे तोडले गेले. मर्वमध्ये बारा प्रमुख आणि सत्तर प्रचारक अशी रचना होती.

या जाळ्याचा कूफातला सूत्रधार बुकैर इब्न माहान. हा गृहस्थ आधी सिंधमध्ये अरब सुभेदार जुनैद याच्या पदरी दुभाषी होता. याच जुनैदच्या स्वाऱ्या भडोच आणि उज्जैनपर्यंत आल्या होत्या. बुकैर ७२४ च्या सुमारास कूफात परतला तेव्हा त्याच्याजवळ चांदीच्या चार कांबी आणि सोन्याची एक कांब होती. संघटनेच्या लोकांशी भेट झाली आणि ही पुंजी त्याने कार्याला वाहिली. उमय्यांच्या सिंधमधल्या नोकरीवर कमावलेला पैसा असा उमय्यांच्याच मुळावर आला.

आता या संघटनेची खरी युक्ती सांगतो. प्रचारक लोकांकडून शपथ कुणाच्या नावाने घेत? कुणाच्याच नाही. शपथेचे शब्द होते ‘अर-रिझा मिन आल-ए-मुहम्मद’. म्हणजे पैगंबरांच्या घराण्यातला, सर्वांना पसंत पडेल असा पुरुष. तो कोण, हे वेळ आल्यावर कळेल. नाव सांगितले असते तर ते पकडले गेले असते, हे वरवरचे कारण. आतले कारण निराळे. अलींच्या वंशावर जीव टाकणारा समजे, हा पुरुष हुसेनांच्या किंवा हसनांच्या वंशातला. कराने गांजलेला मवाली समजे, हा आपला हिशेब चुकता करणारा. आपसातल्या टोळीयुद्धाला कंटाळलेला अरब समजे, हा सर्वांना एका मापाने मोजणारा. एका मोकळ्या जागेत प्रत्येकाने आपापले नाव मनातल्या मनात लिहून ठेवले. जागा मोकळी ठेवणाऱ्यांना मात्र नाव पक्के ठाऊक होते, आणि ते अलींच्या वंशातले नव्हते.

अब्बासी लोकांचा दावा असा की अलींचा नातू अबू हाशिम ७१७ च्या सुमारास हुमैमात वारला आणि जाताना त्याने इमामपद त्यांच्या पूर्वजाकडे सोपवले. मृत्युशय्येवरच्या अशा वचनांना साक्षीदार बहुधा घेणाऱ्याच्या बाजूचेच असतात.

लोकांच्या मनात काय होते ते एका प्रसंगावरून कळेल. इमाम हुसेनांचे पणतू यह्या इब्न झैद खुरासानात पळून आले होते. त्यांचे वडील झैद ७४० मध्ये कूफाच्या उठावात मारले गेले होते. यह्याही ७४३ मध्ये जूझजानजवळ मारले गेले आणि त्यांचे प्रेत वेशीवर टांगण्यात आले. ते तसेच वर्षानुवर्षे टांगलेले राहिले. असे सांगतात की त्या वर्षी खुरासानात जन्मलेल्या मुलांची नावे लोकांनी यह्या किंवा झैद अशी ठेवली. बाळाचे नाव हा काही प्रचारकाने सांगून होणारा प्रकार नव्हे.

खोगीर शिवणारा सेनापती

अशा वेळी मर्वमध्ये एक तरुण अवतरला. नाव अबू मुस्लिम अब्दुर्रहमान इब्न मुस्लिम खुरासानी. अर्थ लावून बघा: मुस्लिमाचा बाप, दयाघनाचा दास, मुस्लिमाचा मुलगा, खुरासानचा रहिवासी. टोळी नाही, कूळ नाही, गाव नाही. कुणी म्हणे तो मुळात गुलाम, कुणी म्हणे कूफात खोगिरे शिवणारा. ज्या समाजात माणसाची ओळख सात पिढ्यांच्या नावांनी होत असे तिथे हे नावही मोकळ्या जागेसारखेच होते. अब्बासी घराण्याचा त्या वेळचा प्रमुख इब्राहिम याने त्याला विश्वासाने पाठवले. संघटनेचे जुने पुढारी सुलैमान इब्न कसीर यांनी प्रथम त्याला नाकारले. पोरसवदा माणूस, आयुष्यभर जपलेले काम याच्या हाती द्यायचे? पण हुमैमाचा हुकूम, मानावाच लागला.

९ जून ७४७, रमजान महिना. मर्वजवळच्या सफीदंज गावात दोन काळी निशाणे उभी राहिली. एकाचे नाव ‘सावली’, दुसऱ्याचे ‘मेघ’. उंचवट्यांवर आगट्या पेटवून आसपासच्या गावांना खूण दिली गेली. काळे कपडे घातलेली माणसे रात्रीतून लोटली. पायी, गाढवांवर, हातात सोटे घेऊन. पाच दिवसांनी ईद आली. तिची नमाज सुलैमान इब्न कसीर यांनी उघड्यावर पढवली. तीस वर्षांच्या कुजबुजीनंतर पहिल्यांदाच मोठ्याने.

आलेल्यांची नोंद कशी केली, हे मला फार महत्त्वाचे वाटते. उमय्यांच्या पगारपत्रकात माणसाचे नाव टोळीखाली लिहिले जाई. अबू मुस्लिमने ते गावाखाली लिहायला सांगितले. अमुक, राहणार अमुक गाव. अरब असो की इराणी, त्या वहीत दोघांचा पत्ता सारखाच. जुन्या इतिहासकारांनी या बंडाला इराण्यांचे अरबांविरुद्धचे बंड म्हटले आहे. ते अर्धेच खरे. सुलैमान अरब होते, फौज घेऊन पश्चिमेला निघालेला सेनापती कहतबा अरब होता. त्यांना जोडणारी गोष्ट खुरासानचे पाणी ही होती.

नस्रने खलिफाच्या दरबारला इशारे पाठवले, कवितेतूनसुद्धा पाठवले. तो कवी होता. पण शेवटचा उमय्या खलिफा दुसरा मरवान सीरिया आणि इराकमधली बंडे विझवण्यात गुंतलेला. मदत आली नाही. मर्वमधल्या अरब टोळ्या तर अजून एकमेकींच्या उरावर बसल्या होत्या आणि अबू मुस्लिम दोघींशी गोड बोलत होता. ७४८ च्या आरंभी मर्व पडले. पंच्याऐंशी वर्षांचा नस्र पळता पळता वाटेत आजाराने मेला. अबू मुस्लिमने यह्यांचे प्रेत वेशीवरून उतरवून दफन केले.

पुढची दीड वर्षे लढायांची. ती भराभर सांगतो: नेहावंद पडले, कहतबा फुरात नदी ओलांडताना बुडाला, त्याच्या मुलाने फौज पुढे नेली आणि सप्टेंबर ७४९ मध्ये कूफा हाती आले. आता नाव जाहीर करायची वेळ झाली.

आणि इथेच गाडे अडले. इब्राहिमला मरवानने आधीच पकडले होते आणि तो हर्रानच्या कैदेत मेला होता. त्याचे भाऊबंद, चौदाएक माणसे, चोरून कूफात आली. संघटनेचा तिथला प्रमुख अबू सलमा याने त्यांना एका घरात लपवून ठेवले आणि कुणाला पत्ताच लागू दिला नाही. आलेल्या उंटांचे भाडे शंभर दिनार झाले होते, तेही त्याने दिले नाही! त्याच्या मनात काय होते? तो अलींच्या वंशजांना पत्रे पाठवत होता, गादीवर या म्हणून. इमाम जाफर सादिक यांनी तर पत्र न वाचताच दिव्यावर धरून जाळले असे सांगतात. म्हणजे ज्याने आयुष्यभर ही मोकळी जागा सांभाळली, त्यानेही मनात निराळेच नाव लिहिले होते.

शेवटी बाजारात एका खुरासानी सरदाराला इब्राहिमचा जुना गुलाम भेटला आणि त्याच्याकडून घराचा पत्ता लागला. सरदार धावत गेले. आत दोन भाऊ बसलेले, दोघांचेही नाव अब्दुल्ला. सरदारांनी विचारले, तुमच्यातला हारिसी बाईचा मुलगा कोण? मर्वपासून रक्त सांडत आलेल्या माणसांना आपला खलिफा तोंडओळखीनेही माहीत नव्हता. आईच्या कुळावरून विचारावे लागले. थोरला अब्दुल्ला बर्बर दासीचा मुलगा. धाकटा, अबुल अब्बास, हारिसी कुळातल्या स्त्रीचा. मुजरा धाकट्याला झाला. २८ नोव्हेंबर ७४९ रोजी कूफाच्या मशिदीत तो व्यासपीठावर चढला. अंगात ताप होता. बोलता बोलता त्राण गेले, तो खाली बसला आणि उरलेले भाषण चुलत्याने पुरे केले. भाषणात त्याने स्वतःला ‘सफ्फाह’ म्हटले. या शब्दाचे दोन अर्थ होतात, उदार हाताने देणारा आणि रक्त सांडणारा. लोकांनी टाळ्या पहिल्यावर वाजवल्या असतील. इतिहासाने दुसरा ठेवला.

२५ जानेवारी ७५० ला झाब नदीकाठी मरवानचा पराभव झाला. तो इजिप्तपर्यंत पळाला आणि ऑगस्टमध्ये तिथे मारला गेला. उमय्या घराण्यातल्या सुमारे ऐंशी जणांना पॅलेस्टाइनमध्ये अभय देऊन बोलावले आणि कापून काढले. दमास्कसच्या थडग्यांतले जुने खलिफाही सुटले नाहीत, हाडे उकरली गेली. नवमुस्लिमांचा कर माफ करणाऱ्या दुसऱ्या उमरच्या थडग्याला मात्र कुणी हात लावला नाही. हिशामचा विशीतला नातू अब्दुर्रहमान फुरातमध्ये उडी टाकून वाचला. मागे फिरलेला धाकटा भाऊ त्याच्या डोळ्यांदेखत मारला गेला. आई बर्बर, म्हणून तो उत्तर आफ्रिकेत आजोळच्या आसऱ्याला गेला आणि ७५६ मध्ये स्पेनमधल्या कॉर्डोव्हाला स्वतःचे राज्य मांडून बसला.

योगायोग बघा, आपल्याकडेही याच सुमारास गादी बदलत होती. गडहिंग्लजजवळच्या सामानगडचा ताम्रपट शके ६७५ चा, म्हणजे ७५३ चा. त्यात राष्ट्रकूट दंतिदुर्गाने चालुक्यांच्या ‘कर्णाटक’ फौजेला थोड्याशा सेवकांच्या बळावर जिंकल्याची नोंद आहे. दमास्कस आणि बदामी तीन-चार वर्षांच्या अंतराने गेली. पुढे ८५१ मधल्या एका अरबी प्रवासवर्णनात जगातले चार थोर राजे दिले आहेत. पहिला अब्बासी खलिफा, मग चीनचा आणि रूमचा सम्राट, आणि चौथा ‘बल्हरा’, म्हणजे वल्लभराज, मळखेडचा राष्ट्रकूट. दोन नवी घराणी, शंभर वर्षांत एका पंगतीला.

गालिच्यातला माणूस

राज्य आले. आता ज्यांनी ते आणले त्यांचे काय?

अबू सलमा आधी गेला. काही महिन्यांतच, खलिफाच्या वाड्यातून रात्री घरी परतताना मारेकऱ्यांनी त्याला गाठले. खून खारिजींवर ढकलण्यात आला. मग म्हातारे सुलैमान इब्न कसीर. अबू मुस्लिमने संशयावरून त्यांचे डोके उडवले, चौकशीही केली नाही. त्याच माणसाला सुलैमान पोरसवदा म्हणाले होते.

७५४ मध्ये सफ्फाह देवीच्या आजाराने वारला आणि तो थोरला भाऊ, दासीपुत्र म्हणून मागे ठेवलेला, ‘मन्सूर’ नावाने खलिफा झाला. हुशार, काटकसरी, संशयी. त्याच्या चुलत्याने बंड केले ते अबू मुस्लिमनेच मोडून दिले. त्यावर मन्सूरने काय करावे? जिंकलेल्या लुटीची मोजदाद करायला कारकून पाठवला. अबू मुस्लिम भडकला: माणसांच्या रक्ताच्या बाबतीत माझ्यावर भरवसा, आणि पैशाच्या बाबतीत नाही? तो खुरासानच्या वाटेला लागला. तिथे तो पोहोचला असता तर त्याला हात लावणे कुणाला शक्य नव्हते, हे दोघांनाही कळत होते. गोड पत्रे आली, धमक्या आल्या, त्याच्या हाताखालच्या माणसाला खुरासानची सुभेदारी परस्पर देऊन टाकली गेली. सोबत्यांनी नको म्हटले तरी तो मागे फिरला.

फेब्रुवारी ७५५, मदाइनजवळ खलिफाचा तळ. पडद्याआड चार-पाच शिपाई उभे. मन्सूरने त्याची तलवार बघायला म्हणून मागून घेतली आणि मग एकेक आरोप काढले: पत्रात माझ्या नावाआधी स्वतःचे नाव घालतोस, माझ्या आत्याला मागणी घालतोस, स्वतःला आमच्या वंशातला म्हणवतोस. कूळ नसलेल्या माणसाने कूळ मागितले, हा शेवटचा गुन्हा. मन्सूरने टाळी वाजवली. थोड्या वेळाने एक नातलग तंबूत आला आणि विचारू लागला, अबू मुस्लिम कुठे आहे? तो बघ, त्या गालिच्यात गुंडाळलेला. बाहेर थांबलेल्या त्याच्या सैनिकांना पैसे वाटण्यात आले. ते पांगले.

खुरासानच्या गावांनी ते मानले नाही. तो मेलाच नाही, मन्सूरसमोर पांढरे कबूतर होऊन उडाला, असे तिथे बोलले जाऊ लागले. त्याच वर्षी सुनबाध नावाच्या त्याच्या एका झरतुष्ट्री साथीदाराने सूड घ्यायला उठाव केला. सत्तर दिवसांत तो चिरडला गेला. वीस वर्षांनी त्याच्याच फौजेत काम केलेला एक मुकन्ना, चेहऱ्यावर कायम बुरखा घेणारा, स्वतःला ईश्वराचा अवतार म्हणवत डोंगरात अनेक वर्षे टिकून राहिला. त्याच्या माणसांचे कपडे पांढरे होते. काळा रंग आता सरकारी झाला होता.

आणि अलींचे वंशज? त्यांच्या दुःखावर तर सारी चळवळ उभी होती. इमाम हसनांचे वंशज मुहम्मद, ज्यांना लोक ‘नफ्स अझ-झकिया’, शुद्ध आत्मा, म्हणत, त्यांनी ७६२ मध्ये मदिनेत निशाण उभारले. त्या वेळी मन्सूर बगदादची आखणी करण्यात गुंग होता. दोघांची पत्रापत्री झाली. माझ्या आयांमध्ये दासी नाही, मी थेट फातिमेच्या वंशातला, हा मुहम्मद यांचा रोख. मन्सूरने बजावले, वंश बायकांच्या बाजूने मोजत नाहीत. पैगंबरांना मुलगा उरला नाही तेव्हा चुलता हाच वारस. ज्याला आईवरून मागे ठेवले होते त्याचेच हे उत्तर! डिसेंबरात मुहम्मद मारले गेले, दोन महिन्यांनी बसऱ्याकडून उठलेले त्यांचे भाऊही. या वेळी मारणारे उमय्या नव्हते, करबलाचा सूड म्हणून काळे कपडे घातलेले होते.

त्यांचा मुलगा अब्दुल्ला अल-अश्तर मात्र त्याआधीच घोड्यांच्या व्यापाऱ्यांचा वेश घेऊन सिंधमध्ये उतरला होता. तिथला सुभेदार उमर इब्न हफ्स याची निष्ठा आतून अलींच्या घराण्याकडे. त्याने पांढरे कपडे शिवायला टाकले, काळे उतरवण्याचा दिवसही ठरवला. तेवढ्यात मदिनेची बातमी आली. आता पाहुण्याला ठेवायचे कुठे? सुभेदाराने त्याला शेजारच्या एका हिंदू राजाकडे पाठवले. अरबी इतिहासकार लिहितात की हा राजा मुसलमान नव्हता, पण पैगंबरांना मानणारा आणि दिल्या शब्दाला जागणारा होता. त्याच्या आश्रयाला अब्दुल्ला काही वर्षे सुखाने राहिला. हळूहळू चारशेएक माणसे त्याच्याभोवती जमली. कुणकुण बगदादला पोहोचली तेव्हा उमरच्या एका नातलगाने आळ स्वतःवर घेतला आणि त्याचे डोके गेले.

७६८ च्या सुमारास नव्या सुभेदाराच्या भावाला सिंधू नदीच्या काठी दहा स्वारांसह फिरायला निघालेला अब्दुल्ला दिसला. एकही वाचला नाही. डोके बगदादला जाऊ नये म्हणून सोबत्यांनी मरता मरता त्याचे प्रेत नदीत लोटले, असे सांगतात. कराचीच्या समुद्रकाठच्या टेकडीवर अब्दुल्ला शाह गाझींचा दर्गा आहे. तो त्याचाच, असे तिथले लोक मानतात.

मागे एक दासी आणि तिच्यापासून झालेला मुलगा राहिला. दोघांना बगदादला नेण्यात आले. मन्सूरने त्या पोराला मदिनेला त्याच्या आप्तांकडे पाठवले, आणि सोबत तिथल्या सुभेदाराच्या नावे पत्र दिले, की हा मुलगा याच घराण्यातला आहे, त्याचे कूळ खरे आहे.